एक आंकडा आणि एक गांव

१९४५ सालच्या एप्रिल महिन्याची बारावी तारीख. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत वॉर्म स्प्रिंग्ज नांवाचें एक लहानसें आरोग्यस्थान आहे. तेथील आपल्या बंगलींत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट दुपारच्या वेळीं कागद चाळीत बसले होते, आणि समोर बसून एक चित्रकर्त्री त्यांचें चित्र रेखाटीत होती. युरोपांतील महायुद्ध संपण्यास अवघे कांहीं आठवडे उरले होते. एकाएकीं अध्यक्षांनीं डोक्याच्या मागच्या बाजूस भयंकर कळ येत असल्याचें सांगितलें आणि ते खुर्चींतच बेशुद्ध झाले. त्यांचे डॉक्टर हॉवर्ड ब्रून धांवत आले. त्यांनीं रक्तदाब पाहिला, तो ३०० वर १९० इतका भरला. दोन-सवादोन तासांत सर्व आटोपलें. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटून आलेला तो मृत्यु होता. रूझवेल्ट त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांचे होते. तें चित्र अपुरें राहिलें, आणि अपुरेंच जपून ठेवण्यांत आलें.

अध्यक्षांच्या प्रकृतीची मुख्य जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते ॲडमिरल रॉस मॅकिंटायर यांनीं लोकांस असें सांगितलें कीं, हा प्रसंग ध्यानींमनीं नसतां ओढवला. लोकांनीं त्यावर विश्वास ठेवला. मोठीं माणसें अशींच अवचित जातात, काळाचा घाला कोणास कळतो, असें म्हणून सारें जग हळहळलें. परंतु हा घाला खरोखरच अवचित होता काय? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे हृद्रोगाच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण डोळ्यांपुढें उलगडतें. त्या प्रकरणांत दोन राष्ट्राध्यक्ष आहेत, एक साधें गांव आहे, मुंबईचा एक डॉक्टर आहे, आणि या सर्वांना जोडणारा एक आंकडा आहे.

रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांचीं मूळ वैद्यकीय कागदपत्रें कोठें गेलीं याचा पत्ता लागला नाहीं. परंतु डॉक्टर ब्रून यांनीं १९७० सालीं आपल्याजवळच्या टिपणांवरून सर्व हकीकत प्रसिद्ध केली. तींत रक्तदाबाचे आंकडे तारीखवार दिलेले आहेत. १९३७ सालीं तो १६२ वर ९८ होता. १९४१ सालीं तो १८८ वर १०५ झाला. १९४४ च्या मार्चअखेर, कन्येच्या आग्रहावरून म्हणतात, अध्यक्षांना बेथेस्डा येथील आरमारी इस्पितळांत तपासणीस नेण्यांत आलें, तेव्हां तो १८६ वर १०८ भरला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, क्वेबेकच्या परिषदेच्या वेळीं, एकदां तो २४० वर १३० पर्यंत चढला होता. म्हणजे आठ वर्षें एक आंकडा कागदावर पायरीपायरीनें वर चढत होता. तो लपलेला नव्हता. तो मोजला जात होता, लिहिला जात होता, आणि फाइलींत ठेवला जात होता.

हा आंकडा म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. हृदय आंकुंचन पावतें तेव्हां रक्त जोरानें रोहिणींत ढकललें जातें. त्या क्षणींचा दाब हा वरचा आंकडा. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यांत जो दाब उरतो तो खालचा आंकडा. पाऱ्याच्या नळींत पारा किती मिलिमीटर चढला यावरून दोन्ही मोजण्याची चाल पडली. हा दाब प्रथम मोजला तो इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या एका धर्मोपदेशकानें. त्यानें एका घोडीच्या रोहिणींत नळी बसविली तेव्हां रक्ताचा स्तंभ आठ फुटांवर चढला. हा प्रयोग त्यानें १७३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. मनुष्याच्या अंगास सुईहि न लावतां दाब मोजतां यावा म्हणून दंडाला बांधण्याचा पट्टा इटलींतील रीवा-रोच्ची यानें १८९६ सालीं काढला. पट्टा सैल करीत असतां रोहिणींतून येणारे आवाज नळीनें ऐकून दोन्ही आंकडे ठरविण्याची युक्ति कोरोत्कॉव्ह या रशियन डॉक्टरानें १९०५ सालीं सांगितली. तेव्हां रूझवेल्ट यांच्या अंतकाळीं हा आंकडा मोजण्याची विद्या चाळीस वर्षांची जुनी झाली होती. तो वाचण्याची विद्या मात्र अद्यापि जन्मास यावयाची होती.

यांत एक चमत्कार असा कीं, डॉक्टरांच्या आधीं या आंकड्याचें मर्म आयुर्विम्याच्या कंपन्यांनीं ओळखलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेंतील विमा कंपन्या अर्जदारांचा रक्तदाब पाहूं लागल्या. ज्यांचा दाब अधिक ते लौकर मरतात हें त्यांच्या हिशोबाच्या वह्यांनीं त्यांना दाखवून दिलें. परंतु वैद्यकशास्त्राचें मत निराळें होतें. वय वाढलें म्हणजे रक्तवाहिन्या कठीण होतात, अरुंद होतात. त्या अरुंद वाटेंतून रक्त पुढें जावें म्हणून हृदय अधिक जोर लावतें. तेव्हां हा वाढलेला दाब शरीरास आवश्यकच आहे, अशी समजूत होती. इंग्रजींत या विकाराला जें नांव पडलें त्याचा अर्थहि आवश्यक असाच होतो. बोस्टनचे पॉल डडली व्हाइट हे त्या काळचे हृद्रोगाचे अग्रगण्य पंडित. त्यांनींहि १९३१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत असें लिहिलें कीं, वाढलेला दाब ही कदाचित् शरीरानेंच केलेली भरपाई असेल, आणि तो उतरवितां आला तरी त्याला हात लावणें बरें नव्हे. हें मत एका मोठ्या व प्रामाणिक मनुष्याचें होतें, हें ध्यानांत ठेवावें. पुढें याच व्हाइट यांची भेट पुन्हां व्हावयाची आहे.

डॉक्टर ब्रून यांनीं मार्च १९४४ मध्यें अध्यक्षांना तपासलें तेव्हां त्यांना काय आढळलें? ओठ निळसर झालेले, थोड्या श्रमानेंहि दम लागत असलेला, फुफ्फुसांत पाण्याचे बारीक आवाज, आणि हृदय आकारानें वाढलेलें. हृदयाचा डावा कप्पा थकत चालला होता. कारण उघड होतें. वर्षानुवर्षें उंच दाबाविरुद्ध रक्त ढकलतां ढकलतां हृदयाचा स्नायु जाड होतो, पुढें ताणला जातो, आणि शेवटीं दमतो. मग फुफ्फुसांतून आलेलें रक्त पुरतेंपणीं पुढें जात नाहीं. तें मागें तुंबतें, आणि रोग्याला आडवें पडलें कीं गुदमरल्यासारखें होतें.

ब्रून यांच्या हातांत साधनें थोडीं होतीं. त्यांतलें मुख्य औषध डिजिटॅलिस. तें दीडशें वर्षांहून जुनें होतें. १७८५ सालीं विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरानें या वनस्पतीच्या पानांवर ग्रंथ लिहून, अंगावर सूज आलेल्या रोग्यांना तिचा किती गुण येतो आणि मात्रा चुकल्यास किती अपाय होतो, हें आपल्या रोग्यांच्या हकीकतींसह सांगितलें होतें. वरिष्ठ डॉक्टरांनीं प्रथम खळखळ केली. ब्रून हे वयानें व हुद्द्यानें लहान. तरी त्यांनीं आपला आग्रह सोडला नाहीं. डिजिटॅलिस सुरू झालें. मीठ कमी केलें, सिगारेटी कमी केल्या, वजन उतरविलें, विश्रांति वाढविली. थोड्याच दिवसांत फुफ्फुसें मोकळीं झालीं व अध्यक्षांना झोंप लागूं लागली. परंतु दाब उतरेना. तो उतरविण्याचें खात्रीचें औषध त्या वेळीं जगांत कोणापाशींच नव्हतें.

आणखी एक गोष्ट ब्रून यांनीं नमूद केली आहे. अध्यक्षांनीं आपणांस काय झालें आहे, हें त्यांना एकदांहि विचारलें नाहीं. गोळ्या कसल्या, वारंवार तपासणी कशासाठीं, याची चौकशी केली नाहीं. आणि ब्रून यांना तर आपण होऊन कांहीं बोलण्याची मुभाच नव्हती. रोगी विचारीत नाहीं, वैद्य सांगत नाहीं, लोकांना सर्व ठीक असल्याचें कळविलें जातें, अशा स्थितींत रूझवेल्ट यांनीं नोव्हेंबर १९४४ मध्यें चौथ्या खेपेस निवडणूक जिंकली. फेब्रुवारी १९४५ मध्यें ते याल्टा येथें चर्चिल व स्टालिन यांच्याशीं वाटाघाटी करण्यास गेले. दोन महिन्यांनीं वॉर्म स्प्रिंग्जची ती दुपार उजाडली.

या मृत्यूनंतर अमेरिकेंत हृद्रोगाकडे पाहण्याची दृष्टि हळूहळू बदलली. त्या देशांत सर्वांत अधिक बळी घेणारा रोग हाच होता. तरी त्याच्या संशोधनावर सरकारचा खर्च फार थोडा होता. १६ जून १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली व हृद्रोगासाठीं राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, बोस्टनच्या पश्चिमेस सुमारें वीस मैलांवर असलेल्या फ्रॅमिंगहॅम नांवाच्या गांवांत, एका अपूर्व उद्योगास आरंभ झाला.

अपूर्व अशासाठीं कीं, तोंपर्यंत रोगाचा अभ्यास म्हणजे रोग्यांचा अभ्यास. मनुष्य आजारी पडावा, इस्पितळांत यावा, आणि मग डॉक्टरांनीं त्याच्या रोगाचीं कारणें मागें जाऊन शोधावीं. परंतु पिकलेलें पान गळल्यावर तें पिवळें केव्हां पडूं लागलें, हें कसें कळणार? फ्रॅमिंगहॅमच्या योजनेंत उलट मार्ग धरला होता. धडधाकट माणसें आधींच निवडावीं, त्यांचीं सर्व मापें टिपून ठेवावीं, दर दोन वर्षांनीं पुन्हां तपासावें, आणि वर्षें जाऊं द्यावीं. कांहींना हृद्रोग होईल, कांहींना होणार नाहीं. ज्यांना झाला त्यांच्या जुन्या नोंदी ज्यांना झाला नाहीं त्यांच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या म्हणजे रोगाची वाट दिसूं लागेल.

हें काम सोपें नव्हतें. गांवाची वस्ती सुमारें अठ्ठावीस हजार. त्या गांवाला अशा कामाची ओळख होती, कारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथें क्षयरोगाच्या निवारणाचा असाच एक सामुदायिक प्रयोग झाला होता. तरी स्वतःस कांहींएक दुखत नसतां इस्पितळाची पायरी चढण्यास कोण तयार होईल? गांवांतील प्रतिष्ठित लोकांच्या समित्या नेमल्या गेल्या. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास गळ घातली, टेलिफोनवरून आर्जवें झालीं, आणि तीस ते बासष्ट वर्षें वयाचे ५,२०९ स्त्रीपुरुष तयार झाले. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. हृद्रोग हा पुरुषांचा रोग समजला जाण्याच्या त्या काळांत ही गोष्ट विशेष होय. या माणसांना पैसा मिळावयाचा नव्हता आणि औषधोपचारहि तेथें व्हावयाचा नव्हता. आपला रक्तदाब, आपलें रक्त, आपल्या संवयी आणि शेवटीं आपला मृत्यु यांची खरी नोंद त्यांनीं शास्त्राच्या हवालीं केली. डॉक्टर टॉमस डॉबर यांनीं पुढें अनेक वर्षें या कामाची धुरा वाहिली.

१९५७ सालीं पहिला महत्त्वाचा जबाब आला. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता त्यांना हृद्रोग होण्याचें प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट होतें. वाढलेला दाब ही शरीराची हितकारक भरपाई आहे, हें मत त्या एका आंकड्यापुढें टिकलें नाहीं. १९६१ सालीं विल्यम कॅनेल व त्यांचे सहकारी यांनीं सहा वर्षांच्या नोंदींवरून जो निबंध लिहिला त्यांत रक्तदाब, रक्तांतील कोलेस्टेरॉल इत्यादि गोष्टींस जोखमीचीं कारणें असें म्हटलें. आज डॉक्टरांच्या तोंडीं नित्य असलेला हा शब्दप्रयोग रूढ झाला तो या निबंधापासून. धूम्रपानाचा दोषहि त्याच सुमारास याच गांवच्या नोंदींतून पुढें आला. नंतरच्या वर्षांत व्यायामाचा लाभ व मधुमेहाचा अपायहि सिद्ध झाला.

या सर्व कारणांचें कार्य एकाच जागीं चालतें. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या ज्या बारीक रोहिणी असतात, त्यांच्या आंतील अस्तर दाबाच्या माऱ्यानें, तंबाखूच्या धुरानें व रक्तांतील साखरेनें दुखावतें. तेथें कोलेस्टेरॉलचा थर सांचूं लागतो. हें सांचणें वीस-तीस वर्षें चालतें, आणि त्याचा आवाज होत नाहीं. मग एखादे दिवशीं त्या थराला चीर पडते, तेथें रक्ताची गांठ बनते, आणि स्नायूच्या एका भागाचें रक्त बंद पडतें. लोक ज्याला हृदयविकाराचा झटका म्हणतात तो हाच. झटका क्षणाचा असतो. त्याची तयारी अर्ध्या आयुष्याची असते.

परंतु वाट दिसणें निराळें आणि ती अडवितां येणें निराळें. रक्तदाब घातक आहे हें ठरलें, तरी तो उतरवावा कशानें? येथें हा इतिहास मुंबईस येतो. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या देशांत वैद्यांना पुरातन काळापासून परिचित आहे. तिची मुळी उन्मादावर व निद्रानाशावर देत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिच्या योगानें रक्तदाबहि उतरतो असें दाखविलें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं संबंध असलेले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं तिचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. तो वाचून पाश्चात्य डॉक्टरांचे डोळे उघडले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनीं ती मुळी अमेरिकेंत वापरून पाहिली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पीन हें सत्त्व वेगळें काढलें. वकील यांना १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें रेसर्पिनानें कांहीं रोग्यांचें मन खिन्न होतें असें आढळलें, व त्याहून सोईचीं औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. परंतु वाढलेला दाब औषधानें उतरवितां येतो हा विश्वास ज्या थोड्या औषधांनीं प्रथम निर्माण केला, त्यांत या भारतीय मुळीचें स्थान मानाचें आहे.

त्या विश्वासाची कसोटी १९६७ सालीं लागली. वॉशिंग्टनचे डॉक्टर एडवर्ड फ्रीस यांनीं माजी सैनिकांच्या इस्पितळांतून १४३ पुरुष निवडले. त्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. निम्म्यांना तीन औषधें एकत्र दिलीं, त्यांत एक रेसर्पीन होतें. निम्म्यांना दिसण्यांत तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणास काय दिलें हें उपचार चालू असतां रोग्यासहि ठाऊक नव्हतें व डॉक्टरासहि नव्हतें. फळ इतकें स्पष्ट आलें कीं, प्रयोग लांबविणें अन्यायाचें ठरलें. ज्यांना औषध नव्हतें त्यांच्यांत २७ गंभीर प्रसंग घडले. ज्यांना औषध होतें त्यांच्यांत केवळ दोन. रूझवेल्ट यांच्या मृत्यूला तेव्हां बावीस वर्षें झालीं होतीं.

या दोन टोंकांच्या मध्यें दुसऱ्या एका अध्यक्षाची कथा आहे. २३ सप्टेंबर १९५५ रोजीं अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हर शहरीं गोल्फ खेळले. रात्रीं त्यांच्या छातींत दुखूं लागलें. दुपारच्या जेवणांत कांद्याचा समाचार बराच घेतला होता, म्हणून पोटावर बोट ठेवण्यांत आलें, आणि बाहेरहि अपचन झाल्याचेंच सांगण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख काढला, तेव्हां तो हृदयविकाराचा झटका असल्याचें कळलें. सोमवारीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार एका दिवसांत साडेसहा टक्के कोसळला.

मदतीस बोलावणें गेलें तें पॉल डडली व्हाइट यांना. चोवीस वर्षांपूर्वीं रक्तदाबास हात न लावण्याचा सल्ला देणारे तेच व्हाइट. परंतु या काळांत त्यांनीं आपलीं मतें अनुभवाच्या निकषावर पुन्हां पुन्हां घासून पाहिलीं होतीं, आणि फ्रॅमिंगहॅमच्या कामासहि त्यांचें साह्य होतें. डेन्व्हरला त्यांनीं पत्रकारांना एकत्र बोलावलें आणि शाळेंत धडा समजावून सांगावा तसें हृदयाच्या रोहिणी, रक्ताची गांठ, स्नायूची जखम व ती भरून येण्यास लागणारा काळ, हें सर्व साध्या शब्दांत सांगितलें. दहा वर्षांपूर्वीं ज्या घरांत एका अध्यक्षाचा आजार झांकला गेला, त्याच घरांतील दुसऱ्या अध्यक्षाचा आजार लक्षावधि लोकांनीं वृत्तपत्रांत वाचला. घरोघरच्या रोग्यांना त्या दिवशीं आपल्या दुखण्याचें नांव व रूप कळलें.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. १९१२ सालीं शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं, हृदयाची रोहिणी बंद पडली तरी मनुष्य वांचूं शकतो, हें दाखवून दिलें होतें. त्यानंतर रोग्याला चार ते सहा आठवडे अंथरुणांत निश्चल ठेवावें, कूसहि बदलूं देऊं नये, असा दंडक पडला. हेतु चांगला होता. पण निश्चल पडून पायांच्या नीलांत रक्त गोठे, ती गांठ फुफ्फुसांत जाई, आणि हृदयानें वांचलेला रोगी विश्रांतीनें मरे. १९५२ सालीं बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनीं रोग्यांना आरंभींच खुर्चींत बसविण्यास सुरवात केली, तेव्हां सहकाऱ्यांनीं त्यांना साहसी ठरविलें. व्हाइट यांचा कलहि हालचालीकडे होता. ते स्वतः सायकलीवर फिरण्याचे मोठे पुरस्कर्ते होते. आयझेनहॉवर यांना इस्पितळांतच खुर्चींत बसविण्यांत आलें व क्रमाक्रमानें चालविण्यांत आलें. सात आठवड्यांनीं ते बाहेर पडले, पुढच्या वर्षीं पुन्हां निवडून आले, आणि १९६९ पर्यंत जगले. झटका आला म्हणजे कामाचा मनुष्य कायमचा खाटेला लागला, ही समजूत त्यांच्या उदाहरणानें ढिली पडली.

अमेरिकेंत १९८० ते २००० या वीस वर्षांत हृदयाच्या रोहिणींच्या विकारानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. हिशोब करणाऱ्यांना असें आढळलें कीं, या लाभाचा साधारण अर्धा वांटा औषधें व शस्त्रक्रिया यांचा आहे, आणि जवळजवळ तितकाच रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान कमी झाल्याचा आहे. म्हणजे इस्पितळानें जितकें वांचविलें तितकेंच घरानें वांचविलें.

फ्रॅमिंगहॅमच्या कामांत उणीव नव्हती असें नाहीं. तेथील मूळ मंडळी बहुतेक सर्व गौरवर्णी होती. तेव्हां त्यांचा नियम साऱ्या मानवजातीस लागू पडतो काय, ही शंका रास्त होती. तिचें उत्तर २००४ सालीं मिळालें. कॅनडांत काम करणारे, पण मूळचे केरळचे, डॉक्टर सलीम युसुफ यांनीं ५२ देशांतील सुमारें तीस हजार माणसांची तुलना केली. त्यांतील निम्म्यांना हृदयविकाराचा पहिला झटका नुकताच आलेला होता. तंबाखू, रक्तांतील स्निग्ध पदार्थांचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण, फळेंभाज्यांची उणीव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची संवय, या नऊ गोष्टींतच जोखमीचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग सांपडला. पण दक्षिण आशियांतील माणसांना, म्हणजे आपल्या लोकांना, पहिला झटका इतरांपेक्षां पांच-सहा वर्षें आधीं, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षींच येतो असें दिसून आलें. मुलींचीं लग्नें व मुलांचें शिक्षण ज्या वयांत डोक्यावर असतें तेंच हें वय.

एवढ्यावरून जोखमीचा आंकडा म्हणजे जन्मपत्रिका असें मात्र समजूं नये. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदी शंभर माणसांत किती जणांना रोग होईल हें सांगतात. त्या शंभरांतील अमुक एकास होईलच असें सांगत नाहींत. विडी ओढणारा एखादा आजोबा नव्वदी गांठतो, आणि नेमानें फिरणारा एखादा पन्नाशींत जातो. पण पत्रिकेंतले ग्रह कोणास हलवितां येत नाहींत. येथें मात्र बरेच ग्रह मनुष्याच्या हातचे आहेत. आणि त्यांना हलविण्याचें साधन आतां महाग राहिलेलें नाहीं. २०१७ सालीं भारतांत रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पांच राज्यांत महाराष्ट्र होतें. दाब मोजावयाचा, ठरलेल्या थोड्याशा स्वस्त गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतूनच द्यावयाच्या, आणि रोगी पुढच्या महिन्यांत आला नाहीं तर त्याची चौकशी करावयाची, एवढेंच त्याचें सूत्र आहे.

अडचण औषधाची नाहीं, ती मनाची आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणून मनुष्य तपासून घेत नाहीं; तपासलें तर गोळी घेत नाहीं; घेतली तर बरें वाटतांच सोडून देतो. गोळी सोडली त्या दिवशींहि त्याला कांहीं होत नाहीं, आणि तीच खरी फसगत आहे. मीठ कमी करा म्हटलें कीं लोणच्यापापडाच्या ताटावर पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून घरचीं माणसें गप्प बसतात. छातींत दाबल्यासारखें झालें, घाम सुटला, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, तरी गॅस झाला असेल म्हणून ओंवा चावीत रात्र काढली जाते. डेन्व्हरच्या त्या रात्रीं एका अध्यक्षाच्या घरीं हाच प्रकार घडला. बंद पडलेली रोहिणी उघडण्याचे उपाय आज आहेत. पण ते पहिल्या कांहीं तासांतच पुरते फळ देतात. अशा वेळीं घरगुती काढा नव्हे, तर गाडी काढावी व रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें.

वॉर्म स्प्रिंग्जच्या बंगलींतील ते चित्र अपुरें राहिलें. त्याच्या मागें कागदांचा एक गठ्ठा होता, आणि त्यांत १९३७ पासूनचे आंकडे ओळीनें लिहिलेले होते. रूझवेल्ट यांच्या डॉक्टरांना ते वाचतां आले नाहींत, कारण तोंवर कोणींच वाचावयास शिकविलें नव्हतें. वाचावयास शिकविलें तें फ्रॅमिंगहॅमच्या पांच हजार दोनशें नऊ साध्या माणसांनीं. त्यांत दुकानदार होते, कारखान्यांतले कामगार होते, घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यापैकीं बहुतेक आज हयात नाहींत. १९७१ पासून त्यांचीं मुलें आणि २००२ पासून त्यांचीं नातवंडें तोच नेम चालवीत आलीं आहेत. त्यांनीं जें वाचून दाखविलें, तें आज कोणत्याहि दवाखान्यांत पांच मिनिटांत कळूं शकतें. रूझवेल्ट यांनीं आपल्या डॉक्टरांना जो प्रश्न विचारला नाहीं, तो विचारण्याची तेवढी तयारी पाहिजे.